हिंदुरावांचा खाडा

काळेवाडीत आमच्या भिंतीला भिंत लागून हिंदुराव येळवंडे राहायचे. त्यांच्याकडे जेवायला बसलं की ताटातला भात जसजसा संपत यायचा तसतशी खालून अक्षरं दिसायला लागायची : ‘नियमित हजेरीबद्दल’. तांब्यावर तेच, डब्यावर तेच, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या चहाच्या ट्रेवरही तेच. वर्षभरात एकही खाडा न करणाऱ्या कामगाराला कंपनी दर वर्षी स्टीलचं एक भांडं द्यायची, आणि बासष्ट सालापासून हिंदुरावांनी ते कधी हुकवलं नव्हतं. मी एकदा कौतुकानं म्हटलं, “कौशल्याबाई, मांडणी नुसती लखलखते हो तुमची!” तर त्या स्टोला पिन मारता मारता म्हणाल्या, “व्हय. मानूस सोडून समदं हाय घरात.”

हिंदुराव मूळचे निघोज्याचे. घरची शेती भावांवर टाकून कंपनीत चिकटले आणि मशीन शॉपमध्ये सुपरवायझर झाले. अंगानं आडवे, मिशीनं त्याहून आडवे, स्वभावानं मात्र सरळ. इतके सरळ, की वळण आलं तरी वळायचे नाहीत. कंपनीचा भोंगा त्यांच्या हाडात शिरला होता. गुरुवारी आमच्या पिंपरीला सुट्टी, त्या दिवशी भोंगा वाजत नाही; तरी हे नेमक्या वेळेला दचकून उठायचे आणि दारात उभं राहून चपला शोधायचे. त्यांचं लग्नसुद्धा गुरुवारीच लागलं. मुहूर्त तसाच काढून घेतला होता. दुसऱ्या दिवशी निघोज्याला सत्यनारायण, नवरी पाटावर बसलेली, शेजारच्या पाटावर नवऱ्याऐवजी त्याचा फेटा, आणि नवरदेव फर्स्ट शिफ्टला.

कौशल्याबाईंचं माहेर खेडच्या पश्चिमेला, डोंगरात. तिथं वाघानं कुणाची कालवड नेलेली, कुणाच्या चुलत्याला वाटेत आडवा आलेला. गावातल्या लहानथोरांना वाघ कधी ना कधी दिसला होता, या एकट्या राहिल्या होत्या. लग्नानंतर नव्या नवऱ्यानं लाडात येऊन विचारलं, “तुला काय पायजे?” तेव्हा इतर बायका जोडवी मागतात, पैठणी मागतात, हिनं वाघ मागितला. हिंदुराव म्हणाले, “हात्तिच्या! पुन्याला पेशवे पार्कात हाय की. या गुरवारी जाऊ.”

तो गुरुवार काही उगवला नाही. कधी ओव्हरटाइम, कधी मशीन उघडून ठेवलेलं, कधी साहेबांनी बोलावलेलं. पिंपरीहून पुणं ते किती लांब! पण सोळा-सतरा वर्षांत हिंदुरावांना बायकोला घेऊन तेवढं जाणं जमलं नाही. कौशल्याबाई अधूनमधून आठवण करायच्या, हे “या गुरवारी” म्हणायचे. आमच्या चाळीत एखादी गोष्ट होण्यातली नसली की लोक म्हणायचे, “हिंदुरावांच्या गुरवारी होईल.”

मग एक दिवस कौशल्याबाईंनी विचारणं सोडलं. हिंदुरावांना त्याचा पत्ता लागायलाच वर्ष गेलं. एका गुरुवारी आपणहून ते म्हणाले, “चल, आज जाऊ वाघ बघाय.” त्या तांदूळ निवडत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, “आता नगं. वाघ काय न् मांजर काय.”

हा माणूस जो घाबरला! संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसला.

“सुमनवैनी, ही कायबी मागंना झालीय.”

“मागत नाहीत म्हणजे बरंच की, भाऊजी. सुटलात.”

“न्हाई वो. मशीन खडखडतंय तवर भ्या नसतं. जुनं मशीन एकाएकी गप झालं, तर समजायचं, आत काय तरी मोडलं.”

बायकोची तुलना मशीनशी करणारा नवरा मी पहिल्यांदाच पाहिला. पण त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, म्हणून हसू दाबलं. आमचे हे म्हणजे भीमराज, त्याच कंपनीत स्टोअरला. त्यांना असलं काही कळत नाही. ते म्हणाले, “मग जा की उद्या खाडा करून.” हिंदुरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू कुणी त्यांना देवळात चपला घालून जायला सांगितलं. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, “पिंजऱ्यातला न्हाईच आता. जंगलातला दावतो. मोकळा. सगळ्यांम्होरं सांगतो, हिला वाघ दावला न्हाई तर येळवंड्याचं नाव सांगनार न्हाई!” सतरा वर्षांचं रखडलेलं काम एका दमात उरकायची ही कारखान्यातलीच रीत.

योग जुळून आला तो चांदभाईंमुळे. चांदभाईंचं काळेवाडीच्या रस्त्यावर गॅरेज. देहूरोडच्या लिलावातून त्यांनी मिलिटरीची एक जुनी ट्रकवजा गाडी घेतली होती, मागं ताडपत्री आणि समोरासमोर दोन बाकडी. ती त्यांनी आकाशी रंगवली होती आणि तिच्यावर झुलेखाभाभींपेक्षा जास्त जीव लावला होता, असं झुलेखाभाभीच म्हणायच्या. वनखात्यातल्या एका साहेबांची जीप बंद पडली असता चांदभाईंनी ती भर उन्हात चालू करून दिली होती. त्या साहेबांनी मेळघाटात सिपना नदीच्या काठी असलेलं विश्रामगृह मिळवून दिलं. मे महिन्यात कंपनीचं वार्षिक शटडाउन होतं, म्हणजे खाडा न होता सुट्टी. एकोणऐंशीचं साल. मुलं निघोज्याला धाडली आणि आम्ही तीन जोडपी पीठ, तांदूळ, कांदे आणि हिंदुरावांची शिस्त घेऊन निघालो. नगर, औरंगाबाद करत परतवाड्याला पोचेपर्यंत गाडी तीनदा रुसली. चांदभाई प्रत्येक वेळी खाली उतरून तिची समजूत घालायचे आणि ती ऐकायची.

विश्रामगृह छान होतं. उंच जोतं, कौलारू छप्पर, रुंद व्हरांडा आणि खाली नदी. उन्हाळ्यामुळे नदीचे तुकडे झाले होते, मधे मधे डोह राहिलेले. सागाला पान नव्हतं. तिथला चौकीदार आणि खानसामा दोन्ही एकच, भुरालाल कासदेकर नावाचा कोरकू गृहस्थ, शांत आणि डोळ्यांनी हसणारा. त्यानं सांगितलं, “खालच्या डोहावर मचाण आहे. उन्हाचा वाघ तिथं पान्यात बसाले येते. मचाणावर बसा, खाली उभं राहू नका. अंधार पडाच्या आत परत या.”

आम्हां बायकांना वाटलं, आता सगळे मिळून मचाणावर बसू, गप्पा मारू, वाघ आला तर पाहू. पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. हिंदुराव व्हरांड्यात मधोमध उभे राहिले, हात मागे बांधले आणि म्हणाले, “असं कसंबी बसून वाघ दिसत नसतो. शिफ्टनं बसायचं.”

आणि लागल्या शिफ्ट. फर्स्ट शिफ्टला, पहाटेपासून दुपारपर्यंत, स्वतः हिंदुराव. सेकंडला, दुपारपासून दिवस मावळेपर्यंत, चांदभाई आणि आमचे हे. आम्ही तिघी कँटीन. मी विचारलं, “भाऊजी, वाघ दाखवायचाय कुणाला? कौशल्याबाईंना ना?” ते म्हणाले, “वैनी, आदी आमी त्याची वेळ फिक्स करतो. मग हिला नेऊन दावतो. उगी उन्हात बसवून काय उपेग?” कौशल्याबाई उठल्या आणि कणीक मळायला बसल्या.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. जेवण झालं की भुरालाल तो वाजवायचा. हिंदुरावांनी तो शिफ्ट बदलायला ठरवला. भुरालाल बिचारा म्हणाला, “साहेब, आवाज डोहापर्यंत जाते.” हिंदुराव म्हणाले, “जायलाच पायजे. न्हाईतर मला कळायचं कसं?”

मग रोज एकच खेळ. दुपारी रूळ वाजला की हिंदुराव मचाणावरून उतरायचे. खरा नियम असा, की बदलीचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. पण भोंगा ऐकला की पाय आधी चालतात आणि नियम मागून येतो, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. उतरून ते सरळ परत येत नसत. डोहाच्या खाली, नदीच्या वळणापलीकडं जाऊन वाळूनं हात घासघासून धुवायचे. हाताला ना तेल, ना ग्रीस. दिवसभर नुसते मांडीवर ठेवलेले हात. पण शिफ्ट सुटली की हात धुवायचे, हे सतरा वर्षांचं वळण. इकडे सेकंड शिफ्टवाले रूळ ऐकून चहाला बसायचे. हजेरी लागली की पहिला चहा, हे त्यांचं वळण. चांदभाईंचं गॅरेज स्वतःचं, त्यांना ना भोंगा ना हजेरी. पण तीन दिवस कंपनीवाल्यांत राहून तेही बाटले होते. रोज तेवढा वेळ मचाण मोकळं असायचं आणि कुणाच्या ते लक्षातही यायचं नाही.

कौशल्याबाईंच्याही नाही. त्या दिवशी फर्स्ट शिफ्टला चहा पोचवायचा राहिला होता. रूळ वाजला तशा त्या किटली घेऊन निघाल्या. भुरालाल सोबत जायचा, पण तो चुलीशी अडकला होता. यांना वाटलं, नवरा मचाणावर असणारच; बदलीचा माणूस आल्याशिवाय सोडणार नाही, असं त्यानंच त्यांना शंभरदा सांगितलं होतं. नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची ही खोड बायकांची कधी जाणार, कोण जाणे. जाऊन पाहतात तर मचाण रिकामं. खाली उभं राहू नका, हे आठवून त्या किटलीसकट शिडी चढल्या आणि पदर सावरून बसल्या.

पुढचं त्यांनी संध्याकाळी आम्हां दोघींना भाकऱ्या थापता थापता सांगितलं.

“आदी वाटलं, कुनाचं वासरू हाय. मंग वळला. आगं बया! पान्यापाशी आला आन पाठ फिरवली. मागं मागं सरकत बसला पान्यात, आमची सासू घंगाळात पाय सोडायची तशी, भीत भीत. मंग डोळंच मिटलं बाबानं.”

“आन तुम्ही?” झुलेखाभाभींचा हात पिठात तसाच.

“मी काय करनार? किटली घट धरली. मंग त्यानं डोळं उघडलं आन माज्याकडं बघितलं. सरळ बघितलं. मी मनात म्हनलं, बघ बाबा. तू तरी बघ.”

तव्यावरची भाकरी करपली तरी आम्हां दोघींच्या लक्षात आलं नाही. त्या मात्र हसत होत्या. सतरा वर्षांत त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

“मग कुणाला सांगितलं नाही?” मी विचारलं.

“सांगनारच व्हते की. सेकंड शिफ्टच्या मानसांचा आवाज आला तसा त्यो उठून गेला. मंग चांदभाई आलं, म्हनलं, भाभी उतरा, आमची ड्यूटी चालू झाली. मी उतरले. हे आलं हात पुसत. मला कुनी इचारलंच न्हाई.”

तेही खरं. कारण तोवर भुरालालला ओल्या वाळूत वाघाच्या पंजाचे ठसे दिसले होते, आणि त्यातला एक बरोबर हिंदुरावांच्या चपलेच्या ठशावर उमटलेला. म्हणजे वाघ आला तो शिफ्ट बदलताना! मग व्हरांड्यात असं भांडण जुंपलं, की मला पिंपरीत असल्यासारखंच वाटलं. हिंदुराव म्हणे, सेकंड शिफ्ट लेट. आमचे हे म्हणे, फर्स्टवाल्यानं रिलीव्हरशिवाय जागा सोडली, चूक तुमची. चांदभाई मधे पडून म्हणत होते, “अरे जाने दो राव, वाघ काय कामगार आयुक्त हाय का?” शेवटी भुरालाल हळूच म्हणाला, “साहेब, तो रोजच त्या टायमाले येत असंल. रूळ वाजला का माणसं चुलीपाशी जमते, हे त्याले समजलं.” वाघानंसुद्धा कंपनीची वेळ पाठ केली होती, फक्त तो कुणाच्या शिफ्टमध्ये बसत नव्हता.

भुरालालनं जाता जाता कौशल्याबाईंकडे एकदा पाहिलं आणि डोळ्यांनी हसला. त्याला बहुधा मचाणाच्या शिडीवर सांडलेला चहा दिसला असावा.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव शिफ्टबिफ्ट विसरून उजाडल्यापासून मचाणावर एकटेच बसले, आणि वाघ आला नाही. तो आमचा शेवटचा दिवस. त्याच संध्याकाळी निघालो तरच कंपनी सुरू व्हायच्या आत पोचणार होतो. गाडीत सामान चढलं, चांदभाईंनी इंजिन चालू केलं. हिंदुराव पायरीवर बसले होते ते उठेनात. तोंड इतकंसं झालेलं.

“चला, भाऊजी,” मी म्हटलं.

“मी न्हाई येत.” त्यांनी कौशल्याबाईंकडे पाहिलं. “सगळ्यांम्होरं सांगितलं व्हतं हिला. आजवर सांगितलेलं येकबी झालं न्हाई माज्या हातनं, हे काय मला कळत न्हाई व्हय? उद्या मी मचानावर बसनार, हिला संगं घेऊन. कंपनीचं काय व्हायचं ते होऊ दे. करतो खाडा.”

चांदभाईंनी इंजिन बंद केलं. आमचे हे तोंड उघडं टाकून पाहत राहिले. यांना स्वतःला खाड्याचं काही नवल नव्हतं. यांचे खाडे कंपनीला पाठ होते. पण हिंदुराव आणि खाडा! बाप गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी सावडून आले आणि सेकंड शिफ्टला उभे राहिले, असा हा माणूस. तिसऱ्या दिवसापर्यंतच्या रजासुद्धा साहेबांनी जबरदस्तीनं मांडल्या होत्या, म्हणून तो खाडा धरला गेला नाही.

झुलेखाभाभींनी कौशल्याबाईंना कोपरानं ढोसलं. “सांगा ना भाभी! बिचाऱ्याची हजेरी जाईल. दिसला म्हणून सांगून टाका.”

मलाही वाटलं, आता सांगतील. एका वाक्याचं काम. दिसला म्हटलं, की हिंदुरावांचा शब्दही राहत होता आणि हजेरीही राहत होती. कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओठ हलल्यासारखे वाटले. मग त्या गाडीजवळ गेल्या, स्वतःची वळकटी खाली ओढली आणि आत नेऊन ठेवली. गाडी एकच, त्यामुळे आम्हीही राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघं मचाणावर गेले. ना शिफ्ट, ना रूळ. सकाळी भुरालाल भाकरी पोचवून आला, म्हणाला, “बोलत बसले आहेत. वाघ कुठला येते आता?” दुपार कलली तरी दोघं आले नाहीत, तेव्हा मी आणि झुलेखाभाभी भुरालालला सोबत घेऊन चहा द्यायला निघालो. मचाणाच्या खाली पोचलो तेव्हा वर मचाणाला बांधलेल्या डहाळ्यांच्या आड दोघांचे पाय तेवढे दिसत होते, शेजारी शेजारी लोंबणारे. हाक मारणार तोच कौशल्याबाईंचा आवाज आला आणि झुलेखाभाभींनी माझं तोंड दाबलं.

“अवं, येक सांगू?”

“काय?”

“मला दिसलाय वाघ. परवाच. तुमी हात धुवाय गेला व्हता तवा.”

मला हिंदुरावांचा राग ठाऊक होता. मशीन शॉपमध्ये ते ओरडले की पलीकडच्या शेडमधले लोक काम थांबवायचे.

“आन काल?” हिंदुराव म्हणाले. “काल मी सगळ्यांम्होरं येवढं बोललो, तवा का गप बसलीस? खाडा झाला की गं माझा!”

“व्हय,” कौशल्याबाई म्हणाल्या. “म्हनूनच गप बसले.”

हिंदुरावांचे पाय हलायचे थांबले होते. कौशल्याबाईंचे मात्र हलत होते, पोरीसारखे.

“सतरा वर्सं मांडनीवरची भांडी घासतीय मी,” त्या म्हणाल्या. “येक वरीस भांडं न्हाई आलं तर काय बिघडलं?”

मचाण करकरलं. मला वाटलं हिंदुराव उतरतायत. पण ते फक्त बायकोच्या जरा जवळ सरकले होते.

“मंग,” ते म्हणाले, “उद्याचाबी करू.”

झुलेखाभाभींनी माझ्याकडे पाहिलं. आमचं पीठ संपलं होतं आणि कांदे दोनच उरले होते. पण ते वर जाऊन सांगायची आम्हां दोघींची काही छाती झाली नाही. किटली घेऊन आम्ही तशाच माघारी फिरलो.